लघुप्रमाण मोटारी व ओतीव सुटे भाग

मूळ मोटारीची सर्व मापे एकाच प्रमाणात घटवून सुट्या प्लॅस्टिक भागांपासून जुळविलेल्या प्रतिकृती. अमेरिकेत १ : २५ हे प्रमाण विशेष रूढ असून, मिशिगनमधील एएमटी कंपनीने १९५८ मध्ये एकाच संचातून मूळ, सजविलेली अथवा शर्यतीची गाडी बांधण्याची मुभा देऊन फेरफाराच्या हौसेला जणू सनदच बहाल केली.

गहाळ झालेली जाळी किंवा बंपर नव्याने ओतण्यासाठी शाबूत नमुना गंधकविरहित मातीत निम्मा रोवून, भोवती पेटी उभारून, त्यावर सिलिकोन रबर ओततात. ते घट्ट झाल्यावर माती काढून, उघड्या पृष्ठावर व्हॅसलिनचा पुसट हात फिरवून (ही पायरी गाळल्यास दोन्ही अर्धे एकजीव होऊन साचा रद्दबातल ठरतो) दुसरा अर्धा घडवितात. पॉलियुरेथेन राळेचे दोन द्रव, बहुधा समभाग, मिसळताच काही मिनिटांत साच्यात उतरवावे लागतात; घाई आणि हवेचे बुडबुडे यांचे येथे जुने सख्य आहे. नाजूक कोपऱ्यांत काडीने आधीच थोडी राळ लावणे, हा यंत्राविना साधणारा उत्तम इलाज होय. प्लॅस्टिक विरघळवून सांधणारा नेहमीचा सरस राळेवर निष्प्रभ ठरत असल्याने सायनोअ‍ॅक्रिलेट किंवा इपॉक्सी वापरतात.