मक्याच्या कण्या आणि शेवटी जेवणारी बाई

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत सकाळच्या न्याहारीला 'ग्रिट्स' करतात. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. पाण्यात किंवा दुधात मंद आचेवर ढवळत शिजवायच्या आणि वरून लोणी-मीठ घालायचं. आपल्या ज्वारीच्या कण्यांची आठवण यावी असंच हे खाणं. जॉर्जिया राज्याने २००२ साली त्याला आपला अधिकृत पदार्थ ठरवलं. पण याच मक्यामागे एक मोठं दुखणं आहे आणि ते बायकांनी जास्त सोसलं.

मका मूळचा तिथल्या आदिवासींचा. मस्कोगी, चेरोकी बायका तो लाकडाच्या राखेच्या पाण्यात शिजवत. त्यामुळे टरफल सुटायचं, शिवाय दाण्यात अडकलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागायचं. सोबत घेवडा आणि भोपळा असायचा. युरोपातून आलेल्यांनी मका घेतला, पण राखेच्या पाण्याची रीत बहुतेक घरांतून हळूहळू सुटली. पुढे गिरण्या मक्याचा अंकुरही काढून टाकू लागल्या.

त्याच काळात कापसाचं पीक दारापर्यंत आलं. भाजीपाल्याला जागा उरली नाही, गाय पाळणं परवडेना. गरिबांच्या ताटात मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी एवढंच राहिलं. मग 'पेलाग्रा' पसरला. हात-मान लाल होऊन सोलवटायची, जुलाब लागायचे, भ्रम व्हायचा. १९०६ ते १९४० या काळात सुमारे ३० लाख लोकांना तो झाला आणि एक लाखावर दगावले, असा अंदाज आहे.

लोक म्हणत, हा संसर्ग आहे. १९१४ मध्ये सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासाला पाठवलं. त्यांनी पाहिलं, की वेड्यांच्या इस्पितळात रुग्णांना पेलाग्रा होतो, पण त्यांची देखभाल करणाऱ्यांना होत नाही. मग मिसिसिपीतल्या अनाथाश्रमांत त्यांनी मुलांच्या जेवणात दूध, अंडी, कडधान्यं वाढवली आणि रोग नाहीसा झाला. तरी टीकाकार ऐकेनात. तेव्हा १९१६ साली त्यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. त्यांच्या पत्नी मेरी यांनीही टोचून घेतलं. दोघांनाही काही झालं नाही.

गिरणी कामगारांच्या वस्त्यांत घरोघरी पाहणी झाली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. मोठ्या माणसांत हा रोग पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होता. घरात जे थोडं दूध, थोडं चांगलंचुंगलं येई, ते कमावणाऱ्याला आणि लेकरांना जाई. बाईच्या वाट्याला मक्याचं पीठच उरे.

१९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेयम यांनी नायसिन हाच यावरचा उपाय असल्याचं दाखवलं. नंतर पिठात ते मिसळू लागले, लोकांच्या हाती पैसाही आला आणि रोग ओसरला. ग्रिट्स मात्र राहिले. मका वाईट नव्हता, नुसता मकाच ताटात होता हे वाईट होतं.

आपण उपवास, एकाशन करतो ते समजून-उमजून, नियम घेऊन. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाऊन दिवस काढणं हे तप नव्हे. म्हणून सगळ्यांची ताटं वाढताना आपल्या वाटीतही डाळ-दूध त्याच वेळी वाढून ठेवावं.