आधारद्रव्यातील बहुवारिकांचे विखुरण : द्रव्यमान वर्णपटमितीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित पैलू

प्रस्तावना :
जालना जिल्ह्यातील तीर्थपुरी परिसरात पीव्हीसीची जलवाहिनी व पॉलिथिलीनची ठिबक नळी आता शेतीच्या नित्याच्या साधनांत मोडतात. अशा नळीचा चिवटपणा व टिकाऊपणा बऱ्याच अंशी तिच्यातील रेणुशृंखलांच्या लांबीवर अवलंबून असतो. युरिया किंवा साखर यांच्या प्रत्येक रेणूचा भार निश्चित असतो. कृत्रिम बहुवारिकात मात्र लहानमोठ्या शृंखलांचा समुदाय असतो. हा समुदाय अचूक मोजण्याच्या प्रयत्नांत यंत्राइतकेच महत्त्व नमुन्याच्या मिश्रणाला कसे आले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी :
बहुवारिके ही दीर्घ शृंखलांची बनलेली असतात, हा विचार हर्मान श्टाउडिंगर यांनी 1920 मध्ये मांडला. त्यांना 1953 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे रेणुभारासाठी विष्यंदितामापन व वर्णलेखन या पद्धती रूढ झाल्या. परंतु त्यांतून प्रामुख्याने सरासरी मूल्ये मिळत. द्रव्यमान वर्णपटमितीत रेणू वायुरूप व विद्युत्भारित करावा लागतो आणि तापविल्यास मोठी शृंखला तुटते, ही मुख्य अडचण होती.

आधारद्रव्याचा उदय :
जर्मनीत मिखाएल कारास व फ्रान्झ हिलेनकांप यांनी 1985 मध्ये लेझर किरण शोषणाऱ्या आधारद्रव्याची, म्हणजेच मॅट्रिक्सची, संकल्पना मांडली. जपानमध्ये विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर कोइची तानाका यांच्या हातून कोबाल्टच्या अतिसूक्ष्म भुकटीत चुकून ग्लिसरीन मिसळले गेले. ते मिश्रण फेकून न देता त्यांनी तपासले. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात प्रथिनांबरोबरच पॉलिएथिलीन ग्लायकॉल या कृत्रिम बहुवारिकाचेही मापन होते. तानाका 2002 च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. ‘मॅल्डी’ या नावाने रूढ झालेली पद्धत मात्र मुख्यतः कारास व हिलेनकांप यांच्या सेंद्रिय आधारद्रव्याच्या मार्गाने विकसित झाली.

विखुरणाचा प्रश्न :
या पद्धतीत बहुवारिकाच्या एका रेणूमागे आधारद्रव्याचे शेकडो ते हजारो रेणू घेतले जातात. त्यामुळे शृंखला परस्परांपासून विलग राहतात व लेझरची ऊर्जा प्रथम आधारद्रव्य शोषून घेते. सोबत योग्य क्षारही लागतो. पॉलिस्टायरीनसाठी चांदीचा, तर ऑक्सिजनयुक्त बहुवारिकांसाठी सोडियम वा पोटॅशियमचा.

प्रथिनांसाठी प्रचलित असलेली जलीय द्रावणाची रीत येथे अपुरी पडली. अनेक बहुवारिके पाण्यात विरघळत नाहीत. शिवाय थेंब वाळताना बहुवारिक व आधारद्रव्य वेगवेगळ्या वेळी अवक्षेपित झाले, तर थर विषम होतो. मग एकाच नमुन्यावर एका जागी ठळक संकेत मिळतो, तर शेजारी काहीच मिळत नाही. 1990 च्या दशकात इंडोलअॅक्रिलिक आम्ल, डायथ्रॅनॉल यांसारखी बहुवारिकांना अनुरूप आधारद्रव्ये वापरात आली. मिश्र विद्रावकातील शेवटी उडणारा घटक बहुवारिकाला न विरघळवणारा असेल, तर ते आधीच अलग पडते व मोजलेली सरासरी चुकू शकते, हेही याच दशकात स्पष्ट झाले.

यावर उपाय म्हणून 2000 मध्ये झ्युरिक येथील रेनाटो झेनोबी यांच्या गटाने अविद्राव्य बहुवारिक व आधारद्रव्य यांची भुकटी दाबून वडी करण्याची रीत मांडली. 2001 मध्ये माइन्झ येथील माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी विद्रावकाविना कोरडे मिश्रण दळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. विद्रावकच नसल्याने वाळताना होणारे विलगीकरण टळले.

महाराष्ट्राचा संदर्भ :
पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 3 जानेवारी 1950 रोजी सुरू झाली. तिचे पहिले संचालक जेम्स मॅकबेन हे कलिल रसायनाचे, म्हणजे एका द्रव्याच्या दुसऱ्या द्रव्यातील विखुरणाचे, अभ्यासक होते. बहुवारिक विज्ञान हे तिचे एक प्रमुख क्षेत्र बनले. 2002 ते 2010 या काळातील संचालक स्वामिनाथन शिवराम यांनी मेथॅक्रिलेटांच्या नियंत्रित बहुवारिकीकरणावर संशोधन केले. अशा प्रक्रियेतून मिळणाऱ्या जवळपास समान लांबीच्या शृंखलांना मॅल्डी विशेष अनुकूल ठरते. शृंखलांच्या लांबीत फार तफावत असल्यास मोठ्या शृंखलांचे संकेत क्षीण होतात व सरासरी खाली येते.

निष्कर्ष :
ठिबक नळीतील पॉलिथिलीन व जलवाहिनीतील पीव्हीसी ही दोन्ही बहुवारिके या पद्धतीला आजही सहजी दाद देत नाहीत. त्यांच्या शृंखलांच्या लांबीत तफावत मोठी असते आणि धातूचे आयन त्यांना नीट चिकटत नाहीत. म्हणून महागड्या यंत्रातून आलेला आकडा प्रमाण मानण्यापूर्वी नमुना कोणत्या आधारद्रव्यात, कोणत्या क्षारासह व कोणत्या रीतीने मिसळला, हे विचारणे आवश्यक ठरते. असे यंत्र ग्रामीण महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे असले, तरी विद्राव्यतेची तुलना, मिश्र विद्रावकाच्या बाष्पीभवनाचे निरीक्षण व खलातील समांग मिश्रण हे प्रयोग पदवी स्तरावर करता येतात. या पद्धतीच्या इतिहासातील निर्णायक सुधारणांपैकी अनेक नेमक्या याच कामातून झालेल्या आहेत.