दम लागलेला सुपरमॅन

यंदा नववीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "टीचर, तुम्ही खरंच मालेगावच्या? मग नासिर शेखना पाहिलंय?" मला हसू आलं. वीस वर्षांपूर्वी बी.एड.ला असताना "मालेगाव" म्हटलं की समोरच्याचा चेहरा किंचित बदलायचा. मग मी "नाशिक जिल्हा" एवढंच सांगून मोकळी व्हायचे.

नासिर शेख यांना मी पाहिलेलं नाही. ते व्हिडिओ पार्लर चालवायचे आणि पार्लर ही पुरुषांची जागा. शुक्रवारी यंत्रमाग बंद, नमाजनंतर पोरं झुंडीने पिक्चरला जायची. आम्ही नानीच्या घरी बसायचो. 'मालेगाव के शोले' २००० साली आला, तोही मी बऱ्याच उशिरा मामूने आणलेल्या सीडीवर पाहिला. खोलीत अकरा बायका, दार लावलेलं, बाहेर मागांची खडखड. मूळ 'शोले'त डाकू घोड्यांवरून ट्रेनचा पाठलाग करतात. इथे डाकू सायकलींवर आणि पुढे बस! नानीने डोळ्यांवर ओढणी घेतली आणि हसून हसून तिला ठसका लागला.

तेव्हा मला मात्र लाज वाटली होती. शिकत होते ना! हे काय पोरकट, असं मी म्हणाले. नानी म्हणाली, "घोडा कहाँ से लाएगा बेटा, सायकल तो है."

या एका वाक्यात बरंच काही आहे, हे मला फार उशिरा कळलं.

असल्या अचाट सिनेमांचं आपल्या जिल्ह्याशी जुनं नातं आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये त्यांनी हनुमानाला आकाशातून उडवलं आणि राम व सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुषाकडून करून घेतल्या. लोकांनी पडद्यावर श्रद्धेने पाहिलं. पुढे १९३५ मध्ये 'हंटरवाली' आला आणि चाबूक घेतलेली नादिया गुंडांना लोळवू लागली. अशक्य गोष्टी पाहायला पैसे मोजणारा प्रेक्षक आपल्याकडे तेव्हापासूनच होता. मालेगावने त्यात स्वतःची एक भर घातली. अशक्य गोष्ट आपल्याला परवडत नाही, हेही त्यांनी पडद्यावर दाखवून टाकलं, लपवलं नाही.

नासिरभाईंची जुगाडं आता प्रसिद्ध आहेत. क्रेन नाही, तर बैलगाडीला कॅमेरा बांधा. ट्रॉली नाही, तर सायकल घ्या. फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ मध्ये केला, त्यात हे सगळं दिसतं. नासिरभाई तेव्हा 'मालेगाव का सुपरमॅन' काढत होते. सुपरमॅन झालेला शफीक शेख यंत्रमागावर काम करणारा, इतका सडपातळ की वाऱ्याने उडेल. त्याला हिरव्या कापडासमोर लोंबकळवून उडवायचं. मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो. मध्येच खुद्द सुपरमॅनचं लग्न निघतं, शूटिंग थांबतं.

आणि या सुपरमॅनला दमा आहे. गावच्या हवेत उडतो म्हणून! खलनायकाला घाण आवडते. अमेरिकेतला सुपरमॅन परग्रहाच्या दगडाने हतबल होतो, आमचा धुराने. ही नुसती गंमत नाही. ज्या गल्लीत प्रत्येक घरात कुणीतरी खोकतं, तिथल्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

मुंबई-पुण्याच्या काही मित्रमंडळींना हे सिनेमे "क्यूट" वाटतात. मला तो शब्द आवडत नाही. त्यात असं गृहीत धरलेलं असतं की बिचाऱ्यांना जमलं नाही, म्हणून हास्यास्पद झालं. पण फरोग जाफरींसारख्या लेखकाला प्रत्येक ओळ कुठे हशा घेणार, ते माहीत होतं. हास्यास्पदपणा हाच त्यांचा माल होता, आणि तो जाणूनबुजून विणलेला होता. मूळ सिनेमातला हीरो वीस जणांना लोळवतो, तेव्हा आपण निमूट विश्वास ठेवतो. सायकलवरच्या डाकूला पाहिल्यावर कळतं, घोड्यावरचाही काही कमी अचाट नव्हता.

एक तक्रार मात्र आहे. मालेगावच्या या सिनेमात मालेगावची बाई नव्हती. नायिका बाहेरून यायची. आमच्यातली कुणी गेली असती तर घरात काय झालं असतं, ते मला माहीत आहे. हसायला आम्ही होतो, तेही बंद दाराआड.

तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की मन अस्वस्थ होतं. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बरातचा शुक्रवार, बडा कब्रस्तानजवळ स्फोट. २९ सप्टेंबर २००८, पुन्हा स्फोट. देशाने मालेगावचं नाव ऐकलं ते असं. आणि त्या दोन सप्टेंबरांच्या मधल्या काळात तिथला एक मागवाला लाल चड्डी घालून उडायचा सराव करत होता. मौसम नदीच्या दोन काठांवर दोन मालेगावं आहेत, असं सगळेच सांगतात. त्याच गावात हाही उद्योग चालू होता, हे कुणी सांगत नव्हतं.

शफीक २०११ मध्ये कर्करोगाने गेला. माहितीपट आपल्या थिएटरांत लागला तो त्यानंतर, २०१२ मध्ये. पार्लरंही गेली. आता छोटूदादाचे व्हिडिओ कोट्यवधी लोक मोबाइलवर पाहतात. रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये आला, म्हणून तर माझ्या वर्गातल्या मुलाला नासिर शेख माहीत.

त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला आणि मराठीत निबंध दिला : आमच्या मोहल्ल्याचा सुपरमॅन. एका मुलीने लिहिलं, तो उडत येतो, पण गल्लीतल्या विजेच्या तारांत अडकतो आणि वायरमन येईपर्यंत तिथेच लोंबकळत राहतो. खालून सगळ्या बाया त्याला विचारतात, पाणी कधी येणार? मी दहापैकी नऊ दिले. एक गुण ऱ्हस्व-दीर्घासाठी कापला.