डोहाळे आणि गर्भाचे हृदय

गर्भारशीला डोहाळे लागले, की गोंदियाकडच्या खेड्यात काय आणि पुण्या-मुंबईस काय, घरातली माणसे तिची हौस पुरवू लागतात. पण हा शब्द आला कोठून? संस्कृत ‘दौहृद’ या शब्दाशी त्याचे नाते सांगतात. सुश्रुतसंहितेनुसार चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते; म्हणून ती स्त्री ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची. तिची इच्छा मोडू नये, असे सुश्रुत बजावतो.

त्याच ग्रंथात एक वादही नोंदला आहे. गर्भाचे कोणते अंग आधी होते? शौनक म्हणतो, डोके. कृतवीर्य म्हणतो, हृदय. पाराशर्य म्हणतो, नाभी. धन्वंतरीचा निवाडा असा, की सारी अंगे एकदमच उपजतात. बांबूच्या कोंबाप्रमाणे ती आरंभी सूक्ष्म असतात, म्हणून दिसत नाहीत, इतकेच.

तिकडे ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलने कोंबडीची उबवलेली अंडी फोडून पाहिली. तीन दिवसांनी त्याला रक्ताचा एक ठिपका उडताना दिसला. तेच हृदय! पुढे सूक्ष्मदर्शक आला आणि १६७३ साली इटलीच्या माल्पिघीने अंड्यातल्या पिल्लाच्या वाढीची चित्रे प्रसिद्ध केली.

आज आपल्याला काय ठाऊक आहे? आपल्याकडे आधी तलाव बांधतात, मग बांध्यांपर्यंत पाट नेतात. गर्भात मात्र तलाव आणि पाट जवळपास बरोबरच घडतात. तिसऱ्या आठवड्यात ठिकठिकाणी बारीक रक्तवाहिन्या तयार होऊन एकमेकींना जुळतात. दोन नळ्या मिळून हृदयाची एक नळी होते. गर्भधारणेपासून साधारण २२व्या दिवशी ती धडधडू लागते, मग वळते, तिच्यात पडदे येतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास चार कप्पे वेगळे होतात.

म्हणजे सुश्रुताच्या चौथ्या महिन्याआधीच हृदय घडून चुकलेले असते. धडधड सुरू होते तेव्हा कित्येक बायांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. १९४१ साली ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर ग्रेग यांनी दाखवले, की गरोदरपणाच्या आरंभी रुबेला, म्हणजे जर्मन गोवर झालेल्या मातांच्या मुलांना मोतीबिंदू आणि हृदयाचे दोष होतात. यावरची लस गरोदरपणात देत नाहीत. ती आधीच टोचलेली हवी. २०१८ साली महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून गोवर-रुबेला लसीची मोहीम झाली, ती याचसाठी.

तेव्हा गुरुजींनी नि बाईंनी पालकसभेत हे जरूर सांगावे. डोहाळे पुरवावेतच; पण लेकीची लस तिच्या लहानपणीच पुरी करावी.