उघाडीचा हिशेब

नदीची संगणकीय प्रतिकृती बनवणारी सॉफ्टवेअर नदीला बिंदूंत आणि दुव्यांत मांडतात. धरण, संगम, पूल हे बिंदू. दोन बिंदूंमधला प्रवाह म्हणजे दुवा. आकडे भरायचे ते बिंदूंत, म्हणून दुवा ही नुसती रेघ वाटते. पण त्या रेघेलाही स्वभाव द्यावा लागतो: वरून शिरलेले पाणी तत्काळ खाली निघेल, ठरावीक तासांनी निघेल, की वाटेत साठत सावकाश निघेल? या तिसऱ्या प्रकाराची प्रसिद्ध रीत मॅकार्थी यांनी १९३८ साली मांडली आणि अमेरिकेतल्या मस्किंगम नदीचे नाव तिला पडले. पनवेलच्या पाण्याचा इतिहास मात्र अशा दुव्याचा आहे, जो या तिन्हींत बसत नाही.

गाढी नदी माथेरानच्या पायथ्याकडून, देहरंग धरणावरून येते आणि पनवेलला लागून खाडीला मिळते. अंतर थोडे, वर चढण, खाली सपाटी. वरचा दुवा पाणी झपाट्याने खाली आणतो, खालचा भरतीच्या तालावर चालतो. याच भरतीने पनवेलला बंदर केले. गलबते तिच्याबरोबर आत येत आणि १८३० साली बोरघाटाची गाडीवाट खुली झाल्यावर माल इथूनच घाटावर चढे. नगरपालिका १८५२ची. पुढे १८५६ साली कल्याणकडून रेल्वे खोपोलीला पोचली, व्यापाराने वाट बदलली, बंदर मागे पडले. भरती राहिली. तिच्याशी व्यवहार करण्याचे साधन खारपट्ट्यातल्या शेतकऱ्याकडे होते: खारबांधातली उघाडी. बाहेरच्या बाजूला उघडणारी फळी भरतीच्या दाबाने मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. वरच्या पाण्याइतकाच खालच्या पातळीवर चालणारा हा दुवा. मस्किंगमच्या रीतीत खालून येणाऱ्या दाबाला जागाच नाही. त्यासाठी सेंट-व्हेनांची १८७१ची प्रवाहाची समीकरणे पूर्ण सोडवावी लागतात.

यावर कोणी म्हणेल, २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यापुढे कोणता दुवा टिकणार? खरे आहे, त्या दिवशी पनवेलही बुडाले. पण पाऊस ठरवतो किती पाणी येणार. ते कुठे आणि किती वेळ थांबणार हे दुवा ठरवतो. जुनी व्यवस्था निर्दोष होती असेही नाही. उधाणात बांधांना खांडी पडत, खारे पाणी शेतात घुसे. फरक एवढाच की त्या बुजवणे कोणाचे काम, हे गावाला ठाऊक असे. सामाईक श्रमाच्या त्या रीतीला जोळ म्हणत. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईत धारण तलाव बांधले आणि झडपा बसवल्या, तेव्हा तत्त्व उघाडीचेच होते. कौतुक मात्र डच तंत्राचे झाले. नवी मुंबईच्या विमानतळासाठी आधी गाढीही वळवायची होती. २०१०च्या पर्यावरण मंजुरीत तिला वगळले गेले, उलवे नदी मात्र वळवली गेली. नकाशावर रेघ सरकवली की दुव्याची लांबी, उतार आणि साठवण तिन्ही बदलतात, हे तिथे विसरून चालणार नाही. पनवेलच्या पुराचा कोणताही अहवाल हाती आला, तर पावसाचा आकडा पाहण्याआधी एक गोष्ट तपासा: खाडीच्या टोकाला भरती कोणत्या तिथीची धरली आहे.