खंडेराव, हैदर आणि नंजराजाची मुद्रा

म्हैसूरच्या १७६०-६१ च्या यादवीत दोन्ही सेनानी एकाच घरातले होते. हैदर अलीचा कारभारी खंडेराव राजपक्षास मिळाला आणि ऑगस्ट १७६० मध्ये श्रीरंगपट्टणहून त्याने हैदरच्याच छावणीवर तोफा डागल्या. त्यास स्वामिद्रोही म्हणावे, तर त्याचा स्वामी हैदर की कृष्णराज वडियार, हाच या यादवीचा वाद होता. त्याने साहाय्यार्थ बोलाविलेली मराठी फौज पानिपतानंतर हैदरशी तह करून परतली. तरीही नंजनगूडजवळ विजय खंडेरावासच मिळाला.

हैदर तरला तो लेखणीने. माजी सर्वाधिकारी नंजराज याच्या मुद्रेने त्याने खंडेरावाच्या सरदारांस फितुरीची पत्रे लिहविली व ती खंडेरावाच्याच हाती पडू दिली. कट्टेमळलवाडीच्या तळावर ती वाचताच खंडेराव सैन्य टाकून पळाला. पत्राचा खरा वाचक पत्त्यावरील नव्हताच!

पुढे राजवाड्याने त्याच्या जिवाची याचना केली. त्यास पोपटासारखा सांभाळीन, असे हैदरने कबूल केले आणि लोखंडी पिंजऱ्यात दूधभातावर ठेवले. ही हकीकत मार्क विल्क्सच्या १८१० पासून प्रसिद्ध झालेल्या इतिहासाने रूढ केली. शब्दास अक्षरशः जागण्याची लोककथेतील युक्ती तेथे इतिहास म्हणून उतरली आहे. अभ्यासकाने तिच्याकडे थोडे संशयानेच पाहावे.