पावकी, निमकी आणि शुभंकरी

सरकारी आकड्यांवर टीका करताना बंगाली माणूस ‘शुभंकरेर फाँकि’ हा शब्दप्रयोग हटकून करतो. आकड्यांच्या आडून केलेली फसवणूक, असा त्याचा अर्थ. ज्या शुभंकराच्या नावावर बंगालच्या कित्येक पिढ्या बिनचूक हिशेब शिकल्या, त्याच्याच नावाला हा डाग लागावा, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा!

शुभंकराच्या पद्यबद्ध नियमांना बंगालीत आर्या म्हणतात. पाठशाळेतील मुले त्या एका सुरात घोकीत. चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहन. म्हणजे एका काहनात १२८० कवड्या. अशा कोष्टकातून वाट काढावयाची तर नियम जिभेवरच हवेत. मणाचे शेर ४० आणि रुपयाचे आणे १६. म्हणून मणाचा भाव जितके रुपये, अडीच शेरांची किंमत तितकेच आणे. बारा रुपये मण तांदूळ असेल, तर अडीच शेरांस बारा आणे. पाटी नको, पेन्सिल नको.

अंक ओळखतानाही हीच युक्ती. बंगाली मूल एकाशी चंद्र जोडते, दोनाशी पक्ष, तिनाशी नेत्र, चाराशी वेद. संस्कृत ग्रंथकारांची शब्दांकांची पद्धत ती हीच. मात्र तेथे नेत्र म्हणजे सामान्यतः दोन; बंगाली मुलाच्या डोळ्यांपुढे त्रिनेत्र महादेव असावा.

आपल्याकडे आर्यांचे काम पाढ्यांनी केले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी ही अपूर्णांकांची सात भावंडे. औट म्हणजे साडेतीन. माणसाचा देह औट हात, असे म्हणतात ते यावरूनच. पाठांतराचे खरे साधन येथे अर्थ नसून नाद आहे. ‘बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ’ यांतील दुणे, त्रिक, चोक ही रूपे रोजच्या बोलण्यात नाहीत. पाढ्याच्या तालातच ती जगली. ताल चुकला की चूक कानालाच कळते, आकडा तपासावा लागत नाही.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलोग्रॅम आला, आणि आर्या व औटकी दोन्ही एकाच वेळी निरुपयोगी ठरल्या. ते योग्यच झाले. सोळा आण्यांचा रुपया परत यावा, असे कोणी म्हणणार नाही.

परंतु बे ते तीसचे पाढे दशमानाने रद्द केलेले नाहीत. बेहाल्यातील आपली मुले ते इंग्रजीतून म्हणतात. शाळेपुरते ते ठीकच आहे. पण त्यामुळे आजीने ‘सात सक?’ विचारले की नातू प्रथम भाषांतर करतो, मग बेचाळीस म्हणतो. मंडळाने रविवारी अर्धा तास काढावा, आजी-आजोबांनी पाढे सांगावे, मुलांनी एका सुरात म्हणावे. शेजारच्या बंगाली मुलांनाही बोलवावे. त्यांच्या घरी एखादी आर्या कोणास आठवत असेल, तर तीही ऐकावी.